भावपत्रक कोणाला पाठवावे, कोणाला पाठवू नये

प्रश्न : आमची शेतकरी उत्पादक कंपनी वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यात असून वायगाव हळद हा आमचा मुख्य माल आहे. कंपनीच्या कार्यालयाचे काम मी पाहते. गेल्या हिवाळ्यात नागपूरच्या एका कृषी प्रदर्शनात आमच्या स्टॉलवर सुमारे २०० व्यापाऱ्यांची व्हिजिटिंग कार्डे जमा झाली. शिवाय आमच्या एका संचालकांनी मसाला आयातदारांच्या ४,००० ईमेल पत्त्यांची यादी एका दलालाकडून विकत आणली. तिच्यात अमेरिका, कॅनडा, इंग्लंड आणि जर्मनीतील पत्ते आहेत. मार्चमध्ये मी कार्डांवरील सर्व पत्त्यांवर एकाच वेळी भावपत्रक पाठविले. काहींनी चौकशी केली, पण एका व्यापाऱ्याने ‘यापुढे असे काही पाठवू नका’ असे उत्तर दिले आणि ते यादीतील सगळ्यांनाच गेले. मग आणखी सहा-सात जणांनी तसेच लिहिले. मला फार ओशाळल्यासारखे झाले. संचालकांचे म्हणणे असे की, व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला पत्र पाठविण्यात गैर काही नाही, स्पॅमचे नियम घरगुती ग्राहकांसाठी असतात. हे खरे आहे का? आणि त्या ४,००० पत्त्यांचे काय करावे?
— एक वाचक, ता. समुद्रपूर, जि. वर्धा

उत्तर : संचालकांचा हा समज मी अनेक उद्योजकांच्या तोंडून ऐकला आहे, म्हणून त्याचे उत्तर स्पष्टच द्यायला हवे : तो चुकीचा आहे. अमेरिकेत २००३ साली संमत झालेला आणि १ जानेवारी २००४ पासून अमलात असलेला कॅन-स्पॅम कायदा व्यापारी हेतूने पाठविलेल्या प्रत्येक ईमेलला लागू होतो, मग ते पत्र एखाद्या गृहिणीला गेलेले असो की मसाला कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याला. इंग्लंडमध्ये मात्र थोडा फरक केला जातो. तेथे नोंदणीकृत कंपनीच्या पत्त्यावर पूर्वपरवानगीशिवाय व्यापारी पत्र पाठविता येते. परंतु एकट्याने धंदा करणारा दुकानदार किंवा साधी भागीदारी पेढी यांना तेथील नियम सामान्य व्यक्तीप्रमाणेच वागवितात आणि त्यांची संमती आधी घ्यावी लागते. जर्मनीत तर अनुचित स्पर्धेविरुद्धच्या कायद्यानुसार व्यापाऱ्यालाही जाहिरातीचा ईमेल पाठविण्यापूर्वी त्याची स्पष्ट संमती लागते. पत्र समुद्रपुराहून निघाले, म्हणून ते या कायद्यांच्या बाहेर राहत नाही. कॅनडाच्या कायद्यात तर असे सरळच लिहिले आहे की, ईमेल कॅनडातील संगणकावर उघडला गेला तरी तो कायदा लागू होतो.

आता त्या २०० कार्डांकडे वळू, कारण आपला खरा धंदा तेथेच आहे. कार्ड देणाऱ्याने स्वतःच्या हाताने आपला पत्ता दिलेला असतो आणि ही गोष्ट कायद्याच्या दृष्टीनेही मोलाची आहे. कॅनडाचा १ जुलै २०१४ पासून लागू असलेला कायदा एरवी आधी संमती मागणारा आहे. पण कोणी आपले कार्ड दिले, देताना ‘मला जाहिराती पाठवू नका’ असे सांगितले नाही आणि आपले पत्र त्याच्या कामाशी संबंधित असले, तर त्याची संमती आहे असे तो मानतो. त्याच कायद्यानुसार कोणी नुसती चौकशी केली असेल तर ती गृहीत संमती ६ महिने टिकते आणि प्रत्यक्ष खरेदी केली असेल तर २ वर्षे. मुदत उलटून गेल्यावर जुन्या ओळखीच्या बळावर पत्रे पाठवीत राहणे हा नियमभंग ठरतो, आणि त्याचा दंड कंपनीसाठी १ कोटी कॅनेडियन डॉलरपर्यंत जाऊ शकतो.

म्हणून माझी सूचना अशी आहे की, एका दुपारी ती सर्व कार्डे टेबलावर पसरा आणि एकेकाची मागची बाजू पाहा. प्रदर्शनाच्या गर्दीत आपण किंवा आपल्या सहकाऱ्याने काही कार्डांच्या मागे पेनाने काहीतरी लिहून ठेवलेले असेल : ‘पॉलिश केलेली, ५ क्विंटल’, ‘फक्त पावडर’, ‘मार्चनंतर भाव कळवा’. ज्या कार्डामागे असे दोन शब्द आहेत, त्या माणसाने आपल्याकडे काहीतरी मागितले आहे. त्याला भावपत्रक पाठविणे म्हणजे त्याच्या प्रश्नाचे उत्तर देणे होय, आणि ते उत्तर त्याच्या नावाने, त्याने विचारलेल्या मालापुरते लिहिले तर तो ते आनंदाने वाचेल. ज्याच्या मागे काहीच नाही, ते कार्ड कदाचित स्टॉलवरच्या बरणीत कोणी जाता जाता टाकलेले असेल. अशांना एकदाच, चार ओळींचे पत्र लिहावे : आपली भेट कोठे झाली, आपण काय पिकवितो, आणि पुढे भाव कळवावेत असे वाटत असल्यास कृपया उत्तर द्यावे. उत्तर आले नाही तर त्याचा अर्थ नकार असाच घ्यावा. ही निवड झाली की एका वहीत किंवा एक्सेल शीटमध्ये प्रत्येकाच्या नावापुढे तारीख, भेटीचे ठिकाण आणि त्याने काय मागितले ते लिहून ठेवा. उद्या कोणी ‘माझा पत्ता तुमच्याकडे कसा आला’ असे विचारले, तर ही नोंदच आपली साक्षीदार असेल.

मार्चमधील संतापाचे आणखी एक कारण आपल्या पत्रात दडलेले आहे. आपण सर्व पत्ते ‘टू’ या रकान्यात भरले असावेत, म्हणून एका व्यापाऱ्याचे उत्तर सर्वांना गेले. याचा अर्थ असाही होतो की, २०० व्यापाऱ्यांचे पत्ते आपण एकमेकांसमोर उघडे केले, आणि आपले खरेदीदार कोण आहेत हे त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांनाही कळले. गावातल्या दुकानदाराने उधारीची वही ओट्यावर उघडी ठेवावी, तसाच हा प्रकार आहे. निदान ‘बीसीसी’चा रकाना वापरा, त्यातील पत्ते इतरांना दिसत नाहीत; त्याहून चांगले म्हणजे प्रत्येकाला स्वतंत्र पत्र जाईल अशी मेल मर्जची सोय वापरा.

विकत आणलेल्या ४,००० पत्त्यांबद्दल मी कोणतीही मधली वाट सुचविणार नाही. ती यादी वापरू नये, आणि संचालकांनी तिच्यासाठी मोजलेले पैसे बुडाले असे समजावे. त्या यादीतील कोणीही आपल्या कंपनीला संमती दिलेली नाही, दलालाकडे त्याचा पुरावा नाही आणि तो असता तरी जर्मनी व कॅनडातील पत्त्यांसाठी तो सहसा आपल्या कामाचा नसता. अशा याद्यांतील पुष्कळ पत्ते संकेतस्थळांवरून यंत्राने खरवडून काढलेले असतात. अमेरिकेचा कायदा नियमभंग करणाऱ्याने असे पत्ते वापरले असल्यास तो गुन्हा अधिक गंभीर मानतो. कायद्याच्या पलीकडे व्यवहाराचाही विचार करा. आपली हळद भौगोलिक मानांकन मिळालेली आहे. तिला चांगला भाव मिळतो तो नावावरील विश्वासामुळे. अनोळखी ४,००० लोकांच्या इनबॉक्समध्ये न बोलाविता शिरून तेच नाव ‘स्पॅम’च्या शिक्क्याखाली यावे, हे मला खरोखर सहन होणार नाही, आणि ज्या शेतकऱ्यांनी ती हळद शिजविली, वाळविली, त्यांनाही होणार नाही.

अमेरिकेतील ज्या व्यापाऱ्यांनी प्रदर्शनात कार्ड दिले, त्यांना लिहिताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतील. तेथील कायदा आधी परवानगी मागत नाही, पण पत्रात खोटेपणा चालू देत नाही. पाठविणाऱ्याचे नाव आणि पत्ता खरा हवा, पत्र जाहिरातीचे आहे हे समजायला हवे, आणि कंपनीचा टपालाचा पूर्ण पत्ता त्यात असायला हवा, आपला ‘मु. पो.’, तालुका, जिल्हा आणि पिन कोड असलेला पत्ता त्यासाठी पुरेसा आहे, मुंबईत कार्यालय असण्याची गरज नाही. यापुढे पत्रे नकोत असे कळविण्याची सोपी सोय प्रत्येक पत्रात द्यावी लागते. ती पत्र पाठविल्यापासून किमान ३० दिवस चालू राहिली पाहिजे आणि नकार आल्यावर कामाच्या १० दिवसांच्या आत त्याची अंमलबजावणी झाली पाहिजे. नकार देणाऱ्याकडून शुल्क घेता येत नाही, ईमेल पत्त्याखेरीज जास्तीची माहिती मागता येत नाही. नियम मोडल्यास दंड प्रत्येक ईमेलमागे मोजला जातो, आणि त्याची कमाल मर्यादा आज ५०,००० डॉलरहून अधिक आहे. पत्रे पाठविण्याचे काम आपण एखाद्या एजन्सीला दिले, तरी जबाबदारी आपल्या अंगावरून उतरत नाही.

विषयाच्या ओळीबद्दल स्वतंत्रपणे लिहिणे आवश्यक आहे, कारण येथे भले लोकही घसरतात. पूर्वी काहीच पत्रव्यवहार झालेला नसताना ‘रे : आपल्या मागणीबाबत’ असा, जणू जुन्या पत्राचे उत्तर असल्यासारखा, विषय लिहिला की पत्र उघडले जाते, हे खरे; परंतु वाचणाऱ्याला फसवून पत्र उघडायला लावणे हेच अमेरिकेच्या कायद्याने मना केले आहे. ‘वायगाव हळद, नवा हंगाम : हळकुंड आणि पावडरचे भाव’ अशी साधी ओळ लिहा. ज्याला हळद हवी आहे तो ती उघडील. याउलट, ज्याने माल मागविला आहे त्याला पाठविलेली पावती, माल रवाना झाल्याची सूचना किंवा पैशांबाबतचा खुलासा हा जाहिरातीचा मजकूर धरला जात नाही आणि त्याला वरील बहुतेक अटी लागू होत नाहीत. मात्र पावतीच्या पोटात भावपत्रक घुसविले आणि पत्राचा मुख्य हेतूच विक्रीचा झाला, तर ती सवलत राहत नाही.

आपल्या देशाचे काय, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण त्यावाचून उत्तर अपुरे राहील. भारतात केवळ ईमेल स्पॅमसाठी केलेला स्वतंत्र कायदा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६अ त्रासदायक आणि फसव्या ईमेलबद्दल होते, पण सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते घटनाबाह्य ठरवून रद्द केले. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१८ चे विनियम फोन आणि एसएमएससाठी आहेत. तरीही रान मोकळे आहे असे समजू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यातील मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. एखाद्या व्यक्तीचे नाव आणि तिचा ईमेल ही तिची वैयक्तिक माहिती आहे, ती कंपनीच्या कामासाठी वापरली जात असली तरीही. आणि कागदी कार्डावरील माहिती आपण संगणकात भरली की तिलाही हा कायदा लागू होतो. माणसाने स्वतःहून, ठरावीक कामासाठी दिलेली माहिती त्या कामासाठी वापरायला हा कायदा मुभा देतो. हळदीच्या भावासाठी मिळालेले कार्ड विमा एजंटच्या हाती देण्याची मुभा त्यात नाही.

प्रश्न : मोर्शी तालुक्यात माझी संत्रा कलमांची रोपवाटिका आहे. माझे सर्व ग्राहक ओळखीचे आहेत, त्यांनीच पत्ते दिले आहेत, तरी मी पाठविलेले ईमेल त्यांच्या स्पॅम फोल्डरमध्ये जातात. मी तर कोणताच नियम मोडलेला नाही.
— एक रोपवाटिकाधारक, जि. अमरावती

उत्तर : कायदा आणि ईमेल सेवा देणाऱ्या कंपन्यांचे नियम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण कायदा पाळला तरी जीमेल किंवा याहू आपले पत्र संशयाने बघू शकतात, कारण ते आपणच पाठविले आहे याची त्यांना खात्री पटत नाही. बाजार समितीच्या फाटकावर गाडीवाल्याने तोंडी कोणाचेही नाव सांगितले तरी पावती पाहिल्याशिवाय गाडी आत सोडत नाहीत, तसेच हे आहे. आपल्या डोमेनच्या, म्हणजे ईमेल पत्त्यातील @ नंतरच्या नावाच्या, नोंदीत तीन गोष्टी असायला हव्यात. एसपीएफ ही आपल्या नावाने कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात याची जाहीर यादी आहे, डीकेआयएम ही पत्रावरील न बदलता येणारी मोहोर आहे, आणि या दोन्हींची पडताळणी फसली तर पत्राचे काय करायचे याची सूचना म्हणजे डीमार्क. ज्याने आपले संकेतस्थळ तयार केले, त्याला एवढे तीन शब्द सांगितले तरी त्याला काय करायचे ते कळेल. दररोज ५,००० किंवा त्याहून अधिक पत्रे पाठविणाऱ्यांना गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून या तिन्ही गोष्टी आणि एका क्लिकवर अनसबस्क्राइबची, म्हणजे पत्रे बंद करण्याची, सोय सक्तीची केली आहे. आपण एवढी पत्रे पाठवीत नसाल, पण लहान प्रेषकालाही एसपीएफ किंवा डीकेआयएम लागतेच.

आणखी एक गोष्ट तपासा. आपण फुकटच्या जीमेल खात्यावरून एकदम शेकडो पत्रे पाठवीत असाल, तर त्या खात्याची मर्यादा दिवसाला ५०० जणांची आहे. आणि ज्यांनी तीन-चार वर्षांत एकही कलम नेले नाही, त्यांना मृग बहार आणि आंबिया बहार अशा दोन्ही वेळी पत्रे जात असतील, तर त्यांच्यापैकी काहीजण कंटाळून ‘स्पॅम’चे बटण दाबत असतील. गूगलच्या हिशेबात अशा तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांवर जाता कामा नये. म्हणजे १,००० पत्रांमागे तीन माणसे. जुनी नावे प्रेमाने एकदा विचारून कमी करा.

प्रश्न : भंडारा जिल्ह्यातील आमच्या टसर विणकरांच्या गटाने जर्मनीतील एका कापड दुकानाच्या संकेतस्थळावरून तेथील खरेदी अधिकारी बाईंचा पत्ता घेऊन त्यांना साड्यांचे आणि दुपट्ट्यांचे फोटो पाठविले. त्यांचे उत्तर आले : माझा पत्ता तुम्हाला कोठून मिळाला, तुमच्याकडे माझी कोणती माहिती आहे, आणि ती पुसून टाका. आम्ही घाबरलो आहोत. उत्तर न देणेच बरे का?
— विणकर गटाच्या सचिव, ता. मोहाडी

उत्तर : उत्तर न देणे ही यातील सर्वांत मोठी चूक होईल. २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या युरोपीय डेटा संरक्षण नियमानुसार अशी विचारणा करण्याचा त्यांना हक्क आहे, आणि युरोपातील लोकांना माल विकू पाहणारा भारतातला विक्रेताही त्या नियमाच्या कक्षेत येतो. दुकानाच्या सर्वसाधारण पत्त्यावर पत्र पाठविले असते तर या नियमाचा प्रश्न आला नसता. ज्या पत्त्यात व्यक्तीचे नाव आहे तो मात्र वैयक्तिक माहितीत मोडतो. उत्तरासाठी नियमाने एक महिन्याची मुदत दिली आहे, पण आपण ते याच आठवड्यात द्या, आणि ते प्रांजळ असू द्या. ‘आपला पत्ता आम्ही आपल्या दुकानाच्या संकेतस्थळावरून घेतला. आपले नाव, ईमेल आणि दुकानाचे नाव एवढीच माहिती आमच्याकडे होती आणि ती आम्ही कोणालाही दिलेली नाही. ती आम्ही काढून टाकली आहे. आपल्याला पुन्हा पत्र जाऊ नये म्हणून फक्त आपला ईमेल पत्ता नकाराच्या यादीत ठेवला आहे. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत.’ एवढे इंग्रजीत लिहिले की पुरे. त्यात साड्यांचा पुन्हा उल्लेख नको, फोटो नको, ‘कधी विचार बदलला तर’ असे वाक्यही नको. जाहिरातीला नकार देण्याचा हक्क त्या नियमात बिनशर्त आहे.

नकाराच्या यादीबद्दल मी आग्रहाने सांगते, त्यामागे माझा स्वतःचा अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी एका संस्थेचा पत्रव्यवहार सांभाळताना एका खरेदीदाराने नकार कळविला आणि मी त्यांचे नाव यादीतून पुसून टाकले, आणि काम झाले असे समजले. पुढच्या हंगामात सहकाऱ्याने जुन्या कार्डांवरून यादी नव्याने भरली, त्यात ते नाव परत आले आणि त्यांना पुन्हा पत्र गेले. त्यांचा फोन आला तेव्हा माझ्याकडे द्यायला उत्तर नव्हते, कारण त्यांनी नकार दिला होता याची नोंदच मी पुसली होती. तेव्हापासून मी नकाराची यादी वेगळी ठेवते आणि दरवेळी पत्रे पाठविण्यापूर्वी मुख्य यादी तिच्याशी पडताळून पाहते. आपल्या गटातील ज्यांच्या ज्यांच्या फोनमध्ये किंवा संगणकात त्या बाईंचा पत्ता असेल, त्या प्रत्येकीला विचारा आणि तो काढून टाका. नकाराची यादी एकीकडेच, सचिव म्हणून आपल्याकडे, असू द्या. यापुढे जर्मनीतील दुकानांशी बोलणे सुरू करायचे असेल, तर दुकानाच्या टपालाच्या पत्त्यावर टसरचा हातभर नमुना आणि एक छापील पत्र पाठवा, आणि ईमेलने पुढे लिहावे का, हे त्यातच विचारा.